"सॅम्पल दिलंय ना, तसंच करून द्या" – हायड्रॉलिक रोटरी जॉइंट बनवताना

रस्त्याच्या कामावर पोकलेन मशीन बघितलं नाही असा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही. वरची केबिन, इंजिन, बूम सगळं गोल फिरतं, एकाच दिशेने कितीही फेऱ्या मारा, काही अडत नाही. आता पंप बसलाय वर, आणि चेन ओढणाऱ्या मोटरी बसल्यात खाली. मग वरून खाली तेल जातं कसं? साधे होज टाकले असते तर दोन-चार फेऱ्यांत पिळून तुटले असते. तर बरोबर मधोमध एक जाड दंडगोल असतो, त्याला सेंटर जॉइंट म्हणतात, आत शाफ्ट आणि बाहेर हाउसिंग, दोघांमध्ये गोल खाचा, प्रत्येक खाच म्हणजे एक वेगळी लाइन, आणि दोन खाचांमध्ये सील. डाव्या चेनच्या दोन लाइन, उजव्या चेनच्या दोन, एक ड्रेन (झिरपलेलं तेल टाकीत परत नेणारी), एक स्पीड बदलायची पायलट (नुसता इशारा देणारी बारीक लाइन). छोट्या मशीनला पुढे ब्लेड असलं तर अजून दोन. साधारण साडेतीनशे बारपर्यंतचं प्रेशर आणि ते सगळं फिरत्या जोडातून.

हेच काम कारखान्यातल्या मशीनला लागतं तेव्हा आम्ही त्याला रोटरी जॉइंट म्हणतो, कुणी रोटरी युनियन म्हणतं, कुणी स्विवेल. कॅटलॉगमध्ये शेकडो मिळतात आणि कॅटलॉगमधलं बसत असेल तर तेच घ्या असं मी कस्टमरला आधी सांगतो, कारण ते टेस्ट झालेलं असतं, स्पेअर सील मिळतं, आणि स्वस्त पडतं. पण बऱ्याचदा बसत नाही. जागा कमी असते, लाइन चार हव्या असतात आणि मधून वायर न्यायला भोक पण हवं असतं, किंवा फ्लॅंजची भोकं चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी जर्मन मशीनची असतात. मग ते आमच्या भोसरीच्या शेडमध्ये येतं, बहुतेक वेळा पिशवीत गुंडाळलेला जुना जॉइंट आणि सोबत एकच वाक्य, "साहेब, सॅम्पल दिलंय ना, तसंच करून द्या."

हे वाक्य ऐकलं की मी पेन काढतो आणि प्रश्न विचारायला लागतो, आणि समोरच्याला वाटतं हा माणूस टाळतोय. टाळत नाही हो. आजची ही पोस्ट त्याच प्रश्नांबद्दल आहे, कारण माझं पक्कं मत आहे की कस्टम जॉइंट लेथवर नंतर बनतो, आधी तो या प्रश्नांत बनतो.

पहिली गोष्ट, जुनं सॅम्पल हे झिजलेलं सॅम्पल असतं. ते लीक झालं म्हणून तर आलंय. शाफ्टवर सीलच्या जागी चर पडलेला असतो, हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, एका बाजूला खाल्लेला असतो. त्याची मापं घेऊन तंतोतंत बनवलं तर आपण झीज सुद्धा कॉपी करतो. मूळ माप काय असेल ते सीलच्या साइझवरून, बेअरिंगच्या नंबरवरून, न झिजलेल्या कोपऱ्यावरून उलटं शोधायला लागतं. आणि दुसरं म्हणजे ते लीक का झालं ते कुणी विचारतच नाही.

एक उदाहरण देतो. चाकणच्या बाजूला पत्र्याच्या कॉइल चिरायचा प्लांट आहे, स्लिटिंग लाइन म्हणतात. रुंद कॉइल उलगडायची, पट्ट्या चिरायच्या आणि परत गुंडाळायच्या. ज्या फिरत्या दंडगोलावर गुंडाळतो त्या मॅंड्रेलचे तुकडे हायड्रॉलिकने बाहेर फाकतात, कॉइलला आतून धरतात, आणि काम झालं की आत येतात म्हणजे कॉइल सरकवून काढता येते. मॅंड्रेल फिरतोय, त्याच्या आत सिलिंडर, म्हणून मागच्या टोकाला दोन लाइनचा रोटरी जॉइंट. फाकायची एक, मिटायची एक. जॉइंट बाहेरचा होता, पूर्वी वर्षानुवर्षं चालला, आणि गेल्या काही काळात सारखा गळायला लागला, सील बदललं की थोडे महिने बरं, परत तेच.

विचारता विचारता कळलं की मधे ड्राइव्ह बदललाय. आधी लाइन मिनिटाला ८० मीटर चालायची, आता १५०. आता हिशोब बघा, तो महत्त्वाचा आहे. कॉइलचा आतला व्यास ५०८ मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत साधारण १.६ मीटर पत्रा. ८० मीटरला ५० आरपीएम होत होते, १५० ला ९४ होतात. कॉइल जाड होत गेली की आरपीएम उतरत जातो, १५०० मिलिमीटर व्यासाला तो ३२ वर येतो, पण सुरुवातीला ९४ आहेच. सीलच्या जागी शाफ्ट ८० मिलिमीटरचा. म्हणजे सीलच्या ओठाखालून शाफ्ट आधी सेकंदाला ०.२१ मीटर सरकत होता, आता ०.३९. प्रेशर तेच, सील तेच, तेल तेच, पण घर्षणाची उष्णता जवळपास दुप्पट. सॅम्पलप्रमाणे करून दिला असता तर आमचा जॉइंटही तितक्याच महिन्यांत परत आला असता आणि वर आम्हालाच ऐकून घ्यायला लागलं असतं.

कॅटलॉग वाचताना इथे बरेच जण फसतात. सीलच्या पानावर लिहिलेलं असतं इतके बार, इतका स्पीड. ते दोन्ही एकदम चालतात असं नाही. प्रेशर आणि स्पीड यांचा गुणाकार बघायचा असतो, एक वाढवलं की दुसरं कमी करायला लागतं. फुल प्रेशरला फुल स्पीड लावलं तर सील जळून काळं पडतं, पीटीएफईचं (म्हणजे टेफ्लॉनचं) असेल तर वितळल्यासारखं फटीत घुसतं.

मग काय केलं, तर शाफ्ट बारीक केला. ८० चा ६०. हे ऐकायला साधं वाटतं पण याच्यात मोठी गंमत आहे: सीलचा घर्षणाचा टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, व्यासाच्या वर्गाने बदलतो, कारण ओठाची लांबी पण कमी होते आणि केंद्रापासूनचं अंतर पण. त्याच प्रेशरला, त्याच आरपीएमला ८० वरून ६० वर आलं की उष्णता ५६ टक्क्यांवर येते. मग सगळे जॉइंट बारीक का बनवत नाहीत? कारण शाफ्टच्या आतून भोकं न्यायची असतात. त्या मॅंड्रेलच्या सिलिंडरला मिनिटाला २० लिटर पुरत होतं, १० मिलिमीटरच्या भोकातून ते सेकंदाला सव्वाचार मीटरने जातं, प्रेशर लाइनला चालून जातं. दोन भोकं १० ची, ६० च्या शाफ्टमध्ये आरामात बसतात, मधे भिंतही भरपूर उरते. हेच सहा लाइन असत्या तर नसतं जमलं. म्हणून कस्टमर "दोन लाइन एक्स्ट्रा ठेवा, पुढे लागतील" म्हणतो तेव्हा मी सरळ विरोध करतो. प्रत्येक जास्तीची लाइन म्हणजे अजून सील, अजून लांबी, अजून टॉर्क, अजून उष्णता, आणि पुढे कधी लागत नाहीत त्या.

आता सर्वात कामाचा प्रश्न, जो मी सगळ्यात आधी विचारतो: फिरताना प्रेशर लागतं का, की थांबल्यावर? यावरून अख्खं डिझाइन बदलतं.

एक टोक बघा, एसपीएमवरचं (एकाच कामासाठी खास बनवलेल्या मशीनवरचं) इंडेक्सिंग टेबल, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारं टेबल. चार स्टेशन, प्रत्येक स्टेशनवर जॉब हायड्रॉलिकने क्लॅम्प केलेला, टेबल दर मिनिटाला पाव फेरी फिरतं आणि थांबतं. इथे स्पीड काहीच नाही, पण एक थेंब सुद्धा अंतर्गत लीक चालत नाही, कारण क्लॅम्पचं प्रेशर पडलं तर कटर चालू असताना जॉब सुटतो, आणि तिथे ऑपरेटर उभा असतो. तर इथे पीटीएफईची रिंग आणि तिच्या खाली ओ-रिंग, अशी घट्ट दाबून बसणारी सीलं लावायची आणि थोडं जास्त घर्षण सहन करायचं.

दुसरं टोक सीएनसी लेथचा चक सिलिंडर, म्हणजे जॉब धरणारा चक आवळणारा सिलिंडर. ४००० आरपीएम. ५० मिलिमीटरच्या जागेवर सेकंदाला साडेदहा मीटर. इथे प्रेशरखाली शाफ्टला टेकणारं सील टिकूच शकत नाही. मग तिथे सीलच नसतं, नुसती बारीक फट असते, काही मायक्रॉनची, आणि तेल त्या फटीतून मुद्दाम गळू देतात, तेच तेल वंगण पण करतं आणि उष्णता पण घेऊन जातं, आणि ड्रेनमधून टाकीत परत. बघणाऱ्याला वाटतं लीक आहे, पण तो जॉइंट त्या गळतीवरच जगतो. फक्त त्या फटीचा नियम कडक आहे, गळती फटीच्या घनाने वाढते. २० मायक्रॉनची ३० झाली की गळती दीडपट नाही होत, जवळजवळ साडेतीनपट होते. त्यात तेल तापलं की पातळ होतं, ४६ नंबरचं तेल ४० डिग्रीला ४६ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असतं ते ६० डिग्रीला निम्म्याच्याही खाली येतं, गळती अजून दुप्पट. म्हणून असला जॉइंट बनवायला आमच्याकडे ग्राइंडिंगवर सगळ्यात जुन्या काकांनाच बसवतात आणि शाफ्ट-हाउसिंगची जोडी एकत्रच मापून नंबर टाकून ठेवतात, एकाचा शाफ्ट दुसऱ्याच्या हाउसिंगात घालायचा नाही.

स्लिटिंग लाइनचा मॅंड्रेल या दोन्हींच्या मधला. फिरताना प्रेशर लागतंच, कारण पत्रा ताणाखाली गुंडाळला जातो आणि प्रत्येक वेढा मॅंड्रेलला आत दाबत जातो. कुणी म्हणेल फिरत्या बाजूलाच पायलट चेक व्हॉल्व (तेल परत येऊ न देणारा, इशारा मिळाला तरच उघडणारा व्हॉल्व) बसवा, प्रेशर कोंडून ठेवा आणि जॉइंट बिनप्रेशरचा फिरू द्या, सील जन्मभर टिकेल. छान कल्पना आहे, काही मशीनला आम्ही तसं केलंय. पण मग सिलिंडरचं पिस्टन सील जरा जरी गळलं तरी मॅंड्रेल हळूहळू सैल पडतो आणि बाहेरून कुणालाच कळत नाही, गेज तर ठणठणीत दाखवतो. इथे कॉइल सटकली तर नुकसान मोठं, म्हणून चेक व्हॉल्व बसवला तो फक्त पॉवरपॅक (पंप, मोटर आणि टाकीचा संच) अचानक बंद पडला तर धरून ठेवायला, आणि चालू असताना प्रेशर सततच दिलं.

सीलच्या मटेरियलबद्दल लोक खूप बोलतात, मी थोडंच बोलतो: आधी तेल कुठलं ते सांगा. साधं मिनरल हायड्रॉलिक ऑइल असेल तर काही चिंता नाही, नायट्राइल चालतं साधारण १०० डिग्रीपर्यंत, त्याच्या वर व्हायटॉन. पण फर्नेसजवळच्या मशीनला आग लागू नये म्हणून वॉटर ग्लायकॉल वापरतात, त्यात पाणी असतं, आणि नेहमीचं पॉलियुरेथेन सील त्या गरम पाण्याने हळूहळू भुसभुशीत होऊन तुकडे पडतात. झिंक प्लेटिंग पण चालत नाही त्याला, सुटून तेलात येतं. फॉस्फेट एस्टर असेल तर नायट्राइल फुगतं आणि साधा रंग सुद्धा निघून येतो. परचेसवाल्याला हे माहीत नसतं, तो "हायड्रॉलिक ऑइल" एवढंच लिहितो. म्हणून स्टोअरमध्ये फोन लावून बॅरलवरचं नाव वाचून घ्यायचं.

सीलचं मूळ तत्त्व मात्र फार जुनं आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण रॅमभोवतीची गळती काही थांबेना, तेव्हा त्याच्या वर्कशॉपमधल्या हेन्री मॉडस्लेने चामड्याची वाटीसारखी रिंग लावली, म्हणजे आतलं प्रेशर वाढलं की तेच प्रेशर त्या रिंगचा ओठ फाकवून आणखी घट्ट बसवतं. आज चामडं गेलं, पीटीएफई आलं (ते १९३८ मध्ये रॉय प्लंकेटला अमेरिकेत सापडलं), पण प्रेशरनेच सील दाबायचं हे तसंच आहे. आणि हे समजलं की एक गोष्ट आपोआप समजते, दोन लाइनच्या मधल्या सीलला आज डावीकडून दाब येतो, उद्या उजवीकडून, म्हणून तिथे एकाच बाजूचं सील लावून चालत नाही, दोन्हीकडून बसणारं लागतं.

आणि टोकाची सीलं. याच्यावर मला जरा जोरात बोलायचंय. शेवटच्या प्रेशर सीलच्या बाहेर ड्रेनची खाच असते आणि तिच्याही बाहेर साधं ऑइल सील, धूळ अडवायला आणि थेंब थांबवायला. हे साधं ऑइल सील अर्ध्या बारपेक्षा जास्त झेलत नाही. प्रेशर सीलमधून झिरपलेलं तेल ड्रेनने टाकीत जायलाच पाहिजे, मोकळं, उताराने, मधे व्हॉल्व नाही, रिटर्न लाइनला जोडणं नाही. साइटवर काय होतं, तर ड्रेनचा पोर्ट मोकळा दिसतो, फिटरला वाटतं राहिलाच बुजवायचा, तो प्लग मारतो. तासाभरात ऑइल सील बाहेर उडतं आणि फोन येतो की नवा जॉइंट गळतोय. आता आम्ही ड्रेन पोर्टवर लाल रंग मारतो आणि बाजूला मराठीत कोरून टाकतो "ड्रेन – बंद करू नये". कोरलेलं पुसलं जात नाही.

त्याच चाकणच्या मशीनवर दुसरी एक भानगड सापडली, आणि माझ्या मते जुन्या जॉइंटला स्पीडपेक्षा तिनेच जास्त मारलं. हाउसिंगला होज काढून कुणीतरी कडक स्टीलचा पाइप जोडला होता, क्लॅम्प मारून, अगदी नीटनेटका. दिसायला सुंदर. पण शाफ्टचं टोक फिरताना थोडंफार डोलतंच, डायल लावून बघितलं की दिसतं. हाउसिंग शाफ्टवर बेअरिंगच्या जिवावर तरंगत राहिलं पाहिजे, शाफ्ट जिकडे जाईल तिकडे त्यालाही जाता आलं पाहिजे. त्याला फक्त गोल फिरू द्यायचं नसतं, त्यासाठी एक टॉर्क आर्म, म्हणजे अडवणारा दांडा, आणि तोही ढिल्या खाचेत. पाइपने आवळलं की सगळं डोलणं बेअरिंगवर आणि सीलवर येतं आणि एका बाजूने झीज सुरू होते. हाउसिंगचा बोअर एका बाजूला का खाल्ला होता त्याचं उत्तर हे. आम्ही जॉइंटसोबत होजची लांबी आणि वाकण्याचा रेडियस लिहून दिला, बेअरिंग दोन आणि एकमेकांपासून शक्य तितकी लांब ठेवली, आणि शाफ्टचा फ्लॅंज नुसत्या बोल्टवर न ठेवता रजिस्टरवर (एकमेकांत घट्ट बसणाऱ्या गोल पायरीवर) बसवला म्हणजे प्रत्येक वेळी सेंटरलाच बसेल.

बनवतानाच्या गोष्टी सगळ्या सांगत बसत नाही, पण दोन सांगतोच. शाफ्ट ईएन ३५३ स्टीलचा, केस हार्डन करून (वरचा थर कडक करून) ५८ ते ६० एचआरसी कडकपणा, आणि सीलच्या जागी ०.२ मायक्रॉन आरएच्या (खडबडीतपणाचं माप) आसपास फिनिश. पण नुसता आरए बघून भागत नाही. ग्राइंडिंग व्हील आडवं सरकवत फिनिश केलं तर शाफ्टवर डोळ्याला न दिसणारे आटे राहतात, आणि ते आटे फिरताना तेल पंपासारखं बाहेर ढकलतात, सील कितीही भारी लावा. म्हणून तिथे व्हील सरळ आत घालायचं, आडवं हलवायचं नाही. दुसरं म्हणजे बर, भोक पाडताना काठावर उरणारी धातूची धारदार कोर. लांब भोक आणि आडवं भोक जिथे भेटतात तिथे आत बारीक बर राहते. शाफ्ट आत सरकवताना सील त्या भोकावरून जातं आणि बर त्याची साल काढते. ते असेंब्लीलाच कापलं जातं आणि कळतं टेस्टला. प्रत्येक भोकाच्या काठाला गोलाई, तोंडाला १५-२० डिग्रीचा लांब उतार, आणि बोट फिरवून बघायचं. आमच्याकडचे काका टॉर्च लावतात, बोट फिरवतात, तरीही समाधान झालं नाही तर कापसाचा बोळा आतून ओढतात, बोळ्याचा एक धागा जरी अडकला तरी शाफ्ट परत बेंचवर.

टेस्टला कस्टमरने स्वतः यावं असं मला मनापासून वाटतं, आणि आलात तर हे बघा: एका लाइनला वर्किंगच्या दीडपट प्रेशर द्यायचं आणि बाकीचे सगळे पोर्ट उघडे ठेवायचे. शेजारच्या पोर्टातून थेंब आला तर मधलं सील गेलंय. सगळ्या लाइनला एकदम प्रेशर दिलं तर ही चूक कधीच दिसत नाही, आणि घाईत नेमकं तेच केलं जातं. मग प्रेशर ठेवून खऱ्या आरपीएमला फिरवायचं, तापमान चढून स्थिर होईपर्यंत. पाच मिनिटं फिरवून "ओके" म्हणणाऱ्याकडून माल उचलू नका. थंड असताना सगळे जॉइंट चांगलेच असतात.

ऑर्डर देताना काय कळवायचं ते विचारतात म्हणून लिहितो. काय फिरतं, शाफ्ट की हाउसिंग, कुठल्या दिशेने (आट्यावर बसणारा जॉइंट असेल तर फिरण्याने आटा घट्ट व्हायला पाहिजे, दिशा उलटी असेल तर उघडून पडतो, त्यामुळे डावा आटा की उजवा हे दिशेवरून ठरतं), जास्तीत जास्त आरपीएम आणि त्या वेळचं प्रेशर, प्रत्येक लाइनचं लिटर, तेलाचं नाव, आजूबाजूचं तापमान, पाणी-कूलंट-स्केल उडतं का, मधून वायर जाते का. आणि गेल्या काही वर्षांत मशीनमध्ये काय बदललं ते. हे शेवटचं कुठल्याच फॉर्ममध्ये नसतं म्हणून मी फोनवरच विचारतो, आणि परचेसला नाही, मेंटेनन्सच्या शिफ्टवाल्याला. "दादा, हा कधीपासून गळायला लागला, त्याच्या आधी काय काम झालं होतं?" एवढं विचारलं की अर्धं डिझाइन तिथेच मिळतं.

जॉइंट बसल्यावर सांभाळायचं फार नसतं. सीलचा एक किट स्टोअरमध्ये, उन्हापासून आणि वेल्डिंग मशीनपासून लांब, कारण ओझोनने रबर तडकतं. आणि महिन्यातून एकदा ड्रेनचा पाइप टाकीतून काढून एक मिनिट मोजपात्रात धरायचा, तेल गरम झाल्यावर, दर वेळी साधारण त्याच तापमानाला, आणि आकडा लॉगबुकात लिहायचा. आकडा मोठा असला म्हणून घाबरायचं नाही, तो महिन्यागणिक चढायला लागला की मात्र पुढच्या शटडाउनमध्ये सील बदलायचं ठरवून टाकायचं आणि किट आधीच मागवून ठेवायचा.